एकच डोमेन, निम्मे मेलबॉक्स गूगलवर, निम्मे कंपनीत. डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडं द्यायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड कुणीकडं लावायचा?

शिरोलीकर_आयटी
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून टॅलीच्या बॅकअपपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आमच्याकडं एकच लोकल मेल सर्व्हर आहे, उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा), साधारण 140 मेलबॉक्स. आता मालकांनी ठरवलंय की एक्स्पोर्ट, मार्केटिंग आणि पर्चेसची 30 माणसं गूगल वर्कस्पेसवर न्यायची. बाकी स्टोअर, मेल्टिंग, फेटलिंग, क्वालिटी, गेट आहेत तिथंच, कारण सगळ्यांना लायसन घ्यायचं म्हटल्यावर अकाउंट्सवाल्यांनी डोळे पांढरे केले. डोमेन मात्र एकच राहणार, त्यावर चर्चा नाही, कार्डं छापून झाल्यात.

वेंडर म्हणतोय, दोन एमएक्स लावा, 10 ला गूगल आणि 20 ला आपला सर्व्हर. जो माणूस गूगलवर सापडणार नाही त्याची मेल आपोआप 20 वाल्याकडं येईल. मला हे पटेना झालंय पण नेमकं काय चुकतंय तेही सांगता येईना. कुणी असं चालवलंय का?

तांबडा_पांढरा
वेंडरला रस्सा पाजा आणि घरी पाठवा. असं काही होत नसतंय.

राधानगरी_पाऊस
तुमची शंका बरोबर आहे. एमएक्सचा आकडा माणूस शोधायला नसतो, सर्व्हर शोधायला असतो. पाठवणारा सर्व्हर आधी लहान आकड्याच्या होस्टकडं जातो. तिथं कनेक्शनच लागलं नाही किंवा 4 ने सुरू होणारं 'नंतर या' उत्तर मिळालं तरच पुढच्या आकड्याचा विचार. पण गूगलनं '550, असा माणूस इथं नाही' म्हणून सांगितलं की विषय संपला. पाठवणारा 20 वाल्याचं दारही ठोठावत नाही, मेल सरळ बाउन्स होते, म्हणजे पाठवणाऱ्याकडं परत जाते. म्हणजे वेंडरच्या पद्धतीनं तुमच्या 110 लोकांची बाहेरची मेल पहिल्याच दिवशी बंद.

आणि उलटी गंमत पण आहे. स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याच्या एमएक्सवर जातात, कारण तिथं फिल्टर ढिला असतो हे त्यांना ठाऊक असतं. तुमचा 20 नंबर म्हणजे मागचं उघडं दार.

शिरोलीकर_आयटी
धन्यवाद ताई. हेच मला वाक्यात मांडता येत नव्हतं. मग एमएक्स एकीकडंच ठेवायचा, बरोबर? पण कुणीकडं?

उद्यमनगरी
गूगलकडं ठेवा आणि मोकळे व्हा. अॅडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या सेटिंगात 'होस्ट्स' म्हणून आहे, तिथं तुमच्या लोकल सर्व्हरचं नाव आणि पोर्ट 25 टाकून एक रूट बनवायचा. मग 'डिफॉल्ट राउटिंग'मध्ये नियम करायचा की अनोळखी पत्त्यांची मेल या रूटवर ढकल. ओळखीचे 30 तिथंच राहतात, बाकी सगळी तुमच्याकडं येते. याला स्प्लिट डिलिव्हरी म्हणतात. स्पॅम फिल्टर गूगलचा फुकट मिळतो हा बोनस.

कागलकर_काका
मी याच्या उलट सांगणार. एमएक्स स्वतःकडं ठेवा. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

उद्यमनगरी म्हणतात तसं केलं की गूगल तुमच्या डोमेनवरची वाट्टेल त्या नावाची मेल स्वीकारतो, कारण त्याला सांगितलंय की अनोळखी असला तरी पुढं ढकल. मग ती तुमच्या पोस्टफिक्सकडं येते, पोस्टफिक्स म्हणतो हा माणूस आमच्यात नाही. पण तोवर गूगलनं मेल घेतलेली असते, मग बाउन्स कुणाला जाणार? पाठवणाऱ्याला. आणि स्पॅममध्ये पाठवणारा खोटा असतो. म्हणजे कुणा तरी निष्पाप माणसाला तुमच्या डोमेनच्या नावानं बाउन्स जाणार. मेल दारातच नाकारली तर हा ताप होत नाही, आणि दारात नाकारायला दारावरच्याकडं सगळ्या 140 लोकांची यादी पाहिजे. ती फक्त तुमच्या लोकल सर्व्हरकडं आहे.

म्हणून एमएक्स लोकल. ज्या 30 जणांचा मेलबॉक्स गूगलवर आहे त्यांची ओळ ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याची मेल कुठं ढकलायची त्या पोस्टफिक्सच्या यादीत. संपलं.

उद्यमनगरी
काका, आणि शिरोलीत लाइट गेली की? इन्व्हर्टरवर डिझेल जनरेटर चालू होईतो मालकांचा जर्मनीचा कस्टमर वाट बघत बसणार का?

कागलकर_काका
बसणार की. तो नाही, त्याचा सर्व्हर बसणार. मेलचा सगळा कारभारच त्यावर उभा आहे. सर्व्हर लागला नाही तर पाठवणारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आरएफसी 5321 या मेलच्या मानकात किमान 4 ते 5 दिवस प्रयत्न करावा असं लिहिलंय आणि पोस्टफिक्सची स्वतःची डिफॉल्ट मुदत 5 दिवस आहे. दोन तास लाइट गेली म्हणून मेल हरवत नाही, उशिरा येते.

पंचगंगा_पार
काका, 2019 ला आमचं युनिट शिरोलीतच होतं. महामार्ग पाण्याखाली, लाइन बंद, माणूस पोचायची सोय नाही. रोज सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, 43 फुटाच्या धोका पातळीच्या वर किती ते बघून पुन्हा झोपायचं. सर्व्हर चालू झाल्यावर काही मेल आल्या, काही मात्र तोवर मुदत संपून पाठवणाऱ्याकडं परत गेल्या होत्या. त्यात एका गिऱ्हाईकाची शेड्यूल होती. 2021 ला पुन्हा तेच. 5 दिवस म्हणजे फार वाटतात हो, पण आपल्याकडच्या पावसाळ्याला ते पुरतीलच असं नाही. बॅकअप एमएक्स दुसऱ्या गावात ठेवला असता तर बरं झालं असतं असं त्या वेळी वाटलं होतं.

राधानगरी_पाऊस
बॅकअप एमएक्सनं मेल साठवली असती हे खरं, पण त्याच्याकडंही माणसांची पूर्ण यादी पाहिजे, नाहीतर तो पण सगळं आत घेणार आणि नंतर बाउन्स करत बसणार, म्हणजे काकांचाच मुद्दा. आणि पूर आलाय म्हटल्यावर तुमच्या लोकांना मेल *वाचता* यायला पाहिजे, नुसती साठून काय करणार. माझं मत, पुराच्या पट्ट्यात युनिट असेल तर एमएक्स बाहेरच पाहिजे. मग बाउन्सचा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवा. 'अनोळखी सगळे ढकल' असा नियमच करू नका, त्या 110 पत्त्यांची यादी गूगलमध्ये टाका आणि फक्त त्यांनाच लोकल रूट द्या. यादीत नसलेला तिथंच 550 खातो.

कागलकर_काका
यादी सांभाळणार कोण? नवीन ट्रेनी आला की लोकलवर मेलबॉक्स काढ आणि परत गूगलमध्ये जाऊन यादीत घाल?

राधानगरी_पाऊस
हो. तुमच्या पद्धतीतही ट्रान्सपोर्ट मॅप सांभाळावीच लागते की. यादी कुठं तरी असणारच, ती लहान आणि एकाच माणसाच्या हातात असली म्हणजे झालं.

पुण्यात_अडकलेला
धागा वाचून हिंजवडीत बसून शिरोलीची आठवण आली राव. फ्लायओव्हरखाली ती मिसळ अजून आहे का?

तांबडा_पांढरा
आहे. तू ये फक्त, कटाची वाटी आम्ही मागवतो.

गडहिंग्लज_नेट
मिसळ झाली असेल तर एक गोष्ट जी अजून कुणी सांगितली नाही. एमएक्स कुणीकडंही लावा, आतल्या आत जाणारी मेल एमएक्स बघतच नाही. स्टोअरचा माणूस पर्चेसच्या माणसाला मेल करतो, दोघांचं डोमेन एकच, पोस्टफिक्स म्हणतो हे तर माझंच घर, आणि मेल टाकतो पर्चेसवाल्याच्या *जुन्या* लोकल मेलबॉक्समध्ये. बाउन्स नाही, एरर नाही, लॉगमध्ये छान 'सेंट' लिहिलेलं. पर्चेसवाला गूगलवर बसलाय, त्याला काही दिसत नाही.

आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी असंच झालं, स्टोअर रोज फेरो-सिलिकॉन संपत आलंय म्हणून कळवतंय आणि पर्चेस म्हणतंय आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोघांची भांडणं मालकांपर्यंत गेली. शेवटी जुना मेलबॉक्स उघडला तर सगळं तिथं, वाचलं नसलेलं.

उपाय: 30 जणांपैकी प्रत्येकाची ओळ ट्रान्सपोर्ट फाइलमध्ये. डावीकडं पूर्ण पत्ता, उजवीकडं 'एसएमटीपी:' आणि त्यानंतर चौकटी कंसात गूगलच्या होस्टचं नाव. चौकटी कंस विसरायचे नाहीत, ते असले की पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधत बसत नाही, थेट त्या होस्टलाच जातो. मग पोस्टमॅप चालवायचं, म्हणजे ती फाइल पोस्टफिक्सला वाचता येते. आणि हे महत्त्वाचं, त्या 30 जणांची नावं मेलबॉक्सच्या यादीतून काढायची नाहीत. नाव काढलं तर पोस्टफिक्स ट्रान्सपोर्टपर्यंत पोचायच्या आधीच 'युझर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' म्हणून हाकलतो. नाव यादीत, रस्ता ट्रान्सपोर्टमध्ये. जुनं मेलबॉक्सचं फोल्डर मात्र हलवून ठेवा, म्हणजे चुकून काही तिथं पडलं तर नवीन फोल्डर तयार झालेलं लगेच दिसतं.

शिरोलीकर_आयटी
दादा, हे सोन्यासारखं सांगितलंत. आमच्या मेलची निम्मी तरी आतल्या आतच असते, रिजेक्शन रिपोर्ट, गेट पास, सगळं.

गडहिंग्लज_नेट
तपासायला मेल पाठवत बसू नका. पोस्टमॅपला '-क्यू' लावून पत्ता विचारा, उजवी बाजू छापून आली तर ओळ लागली, काहीच आलं नाही तर नाही. 30 चे 30 एका लूपमध्ये विचारून घ्या.

मसाई_पठार
मेल गोल फिरण्याबद्दल, म्हणजे मेलच्या लूपबद्दल कुणी बोललं का? गूगल म्हणतो माझ्याकडं नाही, लोकलला बघ. लोकल म्हणतो माझ्याकडं नाही, गूगलला बघ. कुणी तरी हौसेनं दोन्हीकडं 'अनोळखी समोरच्याला' असा नियम केला की मेल खासबाग मैदानात गोल फिरायला लागते. पोस्टफिक्स 50 'रिसीव्हड' ओळी (प्रत्येक सर्व्हर मेलवर एक घालतो) मोजून 'टू मेनी हॉप्स' म्हणून थांबतो खरा, पण तोवर थांबलेल्या मेलचा क्यू बघण्यासारखा होतो.

राधानगरी_पाऊस
बरोबर. 'असा माणूस नाही' हे शेवटचं सांगायचा हक्क एकाच बाजूला द्यायचा. एमएक्स गूगलला असेल तर लोकलनं अनोळखी पत्ता कधीच गूगलकडं ढकलायचा नाही, नाकारायचा.

ज्यांच्याकडं गूगलऐवजी मायक्रोसॉफ्ट आहे त्यांच्यासाठी: तिथं डोमेन 'ऑथॉरिटेटिव्ह' ठेवलं तर अनोळखी तिथंच मरतो, 'इंटर्नल रिले' केलं तर कनेक्टरनं लोकलला जातो. लूपचा धोका दुसऱ्यात.

बिंदू_चौक
हे सगळं करण्यापेक्षा शॉप फ्लोअरला सबडोमेन द्या. 'प्लांट डॉट' काहीतरी. त्याचा एमएक्स वेगळा, डोकेदुखी वेगळी. झालं.

शिरोलीकर_आयटी
सर, क्वालिटीवाले पीपीएपीची (पार्टच्या मंजुरीची) कागदं थेट कस्टमरला पाठवतात, कस्टमरच्या पोर्टलवर त्यांचे जुने पत्ते नोंदलेत. ते बदलायला कुणी तयार होईना. मालकांचं वाक्य आहे, "पत्ता बदलला तर ऑर्डर पण बदलतील."

बिंदू_चौक
मग भोगा 😄 पण नवीन भरतीला तरी सबडोमेन द्या.

शाहूपुरी_गूळ
जाणारी मेल कशी सोडणार ते कुणी विचारलंच नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलनं नियम कडक केलेत, सगळ्यांनाच एसपीएफ (तुमच्या नावानं कुठले आयपी मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि आयपीला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारा रेकॉर्ड) लागतो. दिवसाला 5000 च्या वर मेल जीमेलला सोडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही आणि वर डीमार्क (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड). फौंड्री 5000 सोडणार नाही, पण पगाराच्या स्लिपा, वेंडरांची आठवणपत्रं मिळून आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा होतो.

आता दोन ठिकाणांवरून मेल जाणार, तर एसपीएफमध्ये तुमचा स्टॅटिक आयपी आणि गूगलचा इन्क्लूड दोन्ही एकाच रेकॉर्डमध्ये. दोन वेगळे एसपीएफ रेकॉर्ड ठेवले तर दोन्ही बाद. आणि डीएनएस लुकअप 10 च्या आत. ईआरपीवाला, पेरोलवाला, बल्क मेलवाला, प्रत्येकजण आपापला इन्क्लूड घाला म्हणतो आणि दहा कधी भरतात कळत नाही. डीकेआयएमचं बरं आहे, दोन्हीकडं वेगवेगळा सिलेक्टर ठेवता येतो. डीमार्क आधी 'नन'वर (कारवाई काही नको) ठेवून अहवाल बघा.

कागलकर_काका
पीटीआरसाठी इंटरनेटवाल्याच्या मागं लागायला आत्तापासून सुरुवात करा. तो रेकॉर्ड तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही, आयपी ज्याचा त्यालाच करावा लागतो. "सर तिकीट उठवलंय" यावर आमचा अख्खा गणपती गेला होता.

नवीन_आलोय
एक बावळट प्रश्न. सगळी जाणारी मेल गूगलच्या रिलेमधूनच सोडली तर? मग पीटीआरची कटकटच नाही.

शाहूपुरी_गूळ
बावळट अजिबात नाही. वर्कस्पेसमध्ये एसएमटीपी रिलेची सोय आहे, लोकलचा रिलेहोस्ट (जाणारी मेल ज्याच्या हाती द्यायची तो सर्व्हर) तिकडं वळवायचा, पोर्ट 587. मर्यादा असतात त्या वाचून घ्या, आणि रिलेला फक्त तुमचाच आयपी परवानगीत ठेवा. एखादा शॉप फ्लोअरचा पासवर्ड फुटला आणि तिथून स्पॅम सुटला तर मात्र एक्स्पोर्टवाल्यांचीही मेल अडकते, हे डोक्यात ठेवून ठरवा.

वारणा_काठ
पतसंस्थेत काम करतो, आमच्याकडं एमएक्स लोकलच आहे. एक सांगून ठेवतो, स्पॅमहाउसची (स्पॅम सोडणाऱ्या आयपींची) यादी वापरत असाल तर सर्व्हरचा डीएनएस 8.8.8.8, म्हणजे गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर, ठेवू नका. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं की ते 127.255.255.254 असं उत्तर देतात, म्हणजे 'असं विचारू नका'. पण पोस्टफिक्सला साधंच लिहून ठेवलं असेल तर तो कुठलंही उत्तर आलं की 'यादीत आहे' समजतो आणि जगातली सगळी मेल नाकारायला लागतो. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस रिझॉल्व्हर) बसवा, आणि नियमात कुठली उत्तरं धरायची ते आकड्यानं लिहा.

राधानगरी_पाऊस
+1. आणि एमएक्स गूगलला गेला तर लोकलवर ही तपासणी, ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी 'नंतर या' सांगणं), एसपीएफ तपासणी, सगळंच बंद करायचं, कारण आता समोर येणारा आयपी नेहमी गूगलचाच असणार. एसपीएफ तपासलं तर बाहेरची बहुतेक मेल खोटी ठरेल. पोर्ट 25 फायरवॉलवर फक्त गूगलच्या रेंजना उघडा, नाहीतर स्पॅमवाले जुन्या आयपीवर थेट येत राहतात, एमएक्स बदलला म्हणून त्यांनी पत्ता विसरलेला नसतो. काकांच्या पद्धतीनं उलटं केलं तर गूगलमध्ये 'इनबाउंड गेटवे'त तुमचा आयपी नोंदवा, तेच कारण.

नाद_खुळा_१२३
ताई म्हणजे विषय हार्ड 🙏

उद्यमनगरी
ड्रॉइंगच्या मेलचं बघा. गूगल 50 एमबीपर्यंत आत घेतो आणि पोस्टफिक्सची डिफॉल्ट मर्यादा 10240000 बाइट. कस्टमरनं क्वालिटीला 12 एमबीचं थ्रीडी मॉडेल पाठवलं की गूगल घेतो, लोकल नाकारतो, बाउन्स कस्टमरला. वर फाइल मेलमध्ये घालताना होणाऱ्या बेस64 रूपांतरामुळं अटॅचमेंट तिसऱ्या हिश्श्यानं फुगते, म्हणजे 8 एमबीची फाइल पण अडते. मर्यादा वाढवा.

गडहिंग्लज_नेट
वाढवताना एक खोच आहे. 50 एमबी म्हणून 52428800 टाकलं आणि डिलिव्हरी पोस्टफिक्सची स्वतःची असेल तर मेलबॉक्सची डिफॉल्ट मर्यादा 51200000 त्याच्यापेक्षा लहान पडते, मग तो 'फेटल' म्हणून डिलिव्हरीच थांबवतो. डव्हकॉटला एलएमटीपीनं (मेल आतल्या आत सोपवायच्या प्रोटोकॉलनं) देत असाल तर हा प्रश्न नाही.

शिरोलीकर_आयटी
एलएमटीपीच आहे, वाचलो.

मंडळी, मालकांशी बोललो. एमएक्स गूगलकडं, पण राधानगरी ताईंच्या पद्धतीनं, 110 पत्त्यांची यादी देऊन. काका, तुमचा मुद्दा मला पटलेला आहे, पण मालकांनी 2019 चं नाव काढलं आणि चर्चा संपली. एमएक्सचा टीटीएल (रेकॉर्ड इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) आजच 300 करून ठेवलाय, जुना एक दिवसाचा होता. बदल रविवारी संध्याकाळी. ट्रान्सपोर्टच्या 30 ओळी आधी टाकणार, एमएक्स नंतर.

कागलकर_काका
मालकांचं म्हणणं मान्य. पण यादी कोण सांभाळणार याचं उत्तर अजून आलेलं नाही. एचआरच्या जॉइनिंगच्या फॉर्मवर एक चौकोन वाढवा, 'मेल: गूगल / लोकल', आणि त्यावर तुमची सही झाल्याशिवाय पत्ता द्यायचा नाही.

तांबडा_पांढरा
रविवारी संध्याकाळी? सोमवारी सकाळी फोन बंद ठेव भावा.

शिरोलीकर_आयटी
सोमवार अपडेट. बाहेरची मेल दोन्हीकडं व्यवस्थित. स्टोअर ते पर्चेस तपासलं, गूगलवर पोचली. यादीत नसलेला पत्ता दारातच 550 खातोय. एकच अडलंय: गेटवरचा स्कॅनर-प्रिंटर चलन स्कॅन करून पर्चेसला मेल करतो, ती मात्र गूगलमध्ये स्पॅमला पडायली आहे. बाकी लोकल लोकांची मेल नीट जाते.

शाहूपुरी_गूळ
लोकांची मेल सबमिशनच्या पोर्टला लॉगिन करून येते म्हणून तिच्यावर डीकेआयएमची सही होते. स्कॅनर पोर्ट 25 वर विनालॉगिन येत असणार. ओपनडीकेआयएमच्या (सही करणाऱ्या प्रोग्रामच्या) इंटर्नल होस्टमध्ये त्याचा आयपी आहे का बघ. आणि त्याचं 'फ्रॉम' काय आहे? बऱ्याचदा कंपनीनं दिलेलंच काहीतरी असतं.

शिरोलीकर_आयटी
फ्रॉम मध्ये मॉडेल नंबर आणि पुढं 'लोकलडोमेन' आहे. कसली सही होणार मग.

गडहिंग्लज_नेट
त्याला गेटचा खरा पत्ता दे, आयपी इंटर्नल होस्टमध्ये घाल आणि डीकेआयएम रीस्टार्ट कर. पर्चेसवाल्यांना एकदा 'स्पॅम नाही' दाबायला सांग. आणि स्कॅनरचं वेब पॅनेल उघडलंच आहेस तर रिझोल्यूशन 600 वरून 200 वर आण, चलन वाचायला तेवढं पुरतं.